पोटातला एपिथेलिओइड जिस्ट, सीडी११७ कडक पॉझिटिव्ह, पण लिम्फ नोडमध्येही ट्यूमर! हे कसं?

स्लाइड_आणि_चहा

नमस्कार मंडळी, मी एमडी पॅथॉलॉजी सेकंड इयर. जिस्टच्या (पचनमार्गाच्या भिंतीतला स्ट्रोमल ट्यूमर) एका केसवर अडकलेय, जरा मदत करा.

पेशंट चोवीस वर्षांची मुलगी. बरेच दिवस थकवा, जिना चढताना दम, काळी शी, हिमोग्लोबिन पार खाली गेलेलं. स्कोपीत अँट्रमला (जठराचा खालचा भाग) म्यूकोसाच्या खाली गाठ दिसली, वर छोटासा अल्सर. डिस्टल गॅस्ट्रेक्टॉमी झाली आणि ग्रॉसिंग (काढलेला भाग कापून तपासणं) माझ्याकडेच आलं. साधारण ७ सेंमी, पण एक गोळा नाही, तीनचार गाठी एकमेकींना खेटून बसलेल्या आणि त्यांच्या मधून जठराच्या भिंतीच्या मसलचे पट्टे गेलेले. आधी बघितलेले जिस्ट सगळे एकसंध, कापल्यावर फिकट गुलाबी, मधे कुठे रक्तस्राव असे होते, हे तसलं नाही.

स्लाइडवर स्पिंडल (लांबुळके) सेल जवळजवळ नाहीतच. गोल, बहुकोनी सेल, भरपूर गुलाबी सायटोप्लाझम, काही ठिकाणी एकदम स्वच्छ पांढरा, न्यूक्लियस गोल आणि सगळे एकसारखे. पहिल्या नजरेला मला कार्सिनोमा नाहीतर न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर वाटला. त्या दोन्हींचे मार्कर केराटिन आणि सिनॅप्टोफायसिन निगेटिव्ह आले, जिस्टचे मार्कर सीडी११७ आणि डॉग१ मात्र सगळ्या सेलमध्ये कडक पॉझिटिव्ह. एसएमए (स्मूथ मसलचा मार्कर) कुठेकुठे हलकं. मायटोसिस (विभागणारे सेल) शोधशोधून ५ चौ. मिमी मध्ये दोनच. आणि जठराजवळच्या दोन नोडमध्ये ट्यूमर आहे.

माझा गोंधळ असा की जिस्ट म्हणजे काहालच्या इंटरस्टिशियल सेलसारखं (आतड्याची लय ठरवणारे सेल) डिफरन्सिएशन, म्हणजे त्यांच्यासारखी घडण, असं आपण वाचतो, ते सेल तर लांबुळके आणि फांद्या असलेले असतात, मग हे गोलमटोल सेल कुठून आले? एसएमए थोडं आलंय तर स्मूथ मसलकडे डिफरन्सिएशन आहे असं लिहायचं का? मायटोसिस दोनच म्हणून लो रिस्क लिहायचं तर नोडचं काय करायचं? डिपार्टमेंटमध्ये एक मत असं आहे की मार्कर आले, जिस्ट लिहून मोकळे व्हा. पण मला ते पटत नाहीये.

हिस्टो_नागपूर

पटत नाहीये ते बरोबर आहे तुझं. तू लिहिलंयस त्यातच उत्तर आहे, जठर, तरुण मुलगी, बऱ्याच गाठींचा मिळून ट्यूमर, मधून मसलचे पट्टे, एपिथेलिओइड म्हणजे गोल-बहुकोनी सेल, नोड पॉझिटिव्ह. हा एसडीएच डेफिशियंट जिस्ट असण्याची शक्यता फार मोठी आहे, उद्या पहिलं काम म्हणजे एसडीएचबी लाव.

एसडीएच म्हणजे सक्सिनेट डिहायड्रोजनेज, मायटोकॉन्ड्रियातलं कॉम्प्लेक्स टू. त्याचे ए, बी, सी, डी असे चार भाग, आणि यातला कुठलाही एक बिघडला की अख्खं कॉम्प्लेक्स अस्थिर होतं आणि बी प्रोटीन सेलमधून नाहीसं होतं, म्हणून एका एसडीएचबी स्टेनवर सगळ्यांची चाळणी होते. वाचताना एक काळजी घे. ट्यूमर निगेटिव्ह म्हणायच्या आधी त्याच स्लाइडवर रक्तवाहिन्यांचं एंडोथेलियम आणि लिम्फोसाइट बघ, त्यांच्या सायटोप्लाझममध्ये तपकिरी दाणेदार स्टेन आलाच पाहिजे. तो नसेल तर स्टेन फसलाय, पुन्हा लाव. आणि ट्यूमरमध्ये नुसता फिका पसरट धुरकट रंग दिसला तर त्याला पॉझिटिव्ह म्हणू नकोस, दाणे दिसले पाहिजेत. एसडीएचबी गेलं असेल तर नंतर एसडीएचए लाव, तेही गेलं असेल तर ए जीनमध्येच म्युटेशन आहे असं जवळपास धरून चालता येतं.

या ट्यूमरमध्ये किट (याचंच प्रोटीन सीडी११७) आणि पीडीजीएफआरए हे जिस्टमध्ये सहसा बिघडणारे दोन्ही जीन नॉर्मल असतात. तरी सीडी११७ कडक येतं! इथेच बरेच जण फसतात, त्यांना वाटतं सीडी११७ पॉझिटिव्ह म्हणजे किटमध्ये म्युटेशन. स्टेन प्रोटीन दाखवतो, प्रोटीन आहे एवढंच कळतं, जीन बदललाय का ते कळत नाही.

आता नोड. नेहमीचा जिस्ट नोडमध्ये फारच क्वचित जातो, म्हणून तर सर्जन जिस्टसाठी नोड डिसेक्शन करत बसत नाहीत. एसडीएच डेफिशियंटमध्ये मात्र नोडमध्ये जाणं आणि लिम्फव्हॅस्क्युलर इन्व्हेजन (वाहिन्यांमध्ये शिरणं) हे नेहमीचं आहे. तुझ्या स्लाइडवर बारीक वाहिन्यांमध्ये ट्यूमरचे गोळे आहेत का ते मसल आणि सबम्यूकोसात परत एकदा बघ, मला खात्री आहे सापडतील.

रिस्कचं म्हणशील तर तो नेहमीचा साइज, मायटोसिस आणि जागेचा टेबल या ट्यूमरला लावायचा नाही. मिएटिनेन आणि लासोटा यांच्या २००६ च्या टेबलप्रमाणे जठरातला ५ ते १० सेंमीचा आणि पाचपर्यंत मायटोसिस असलेला जिस्ट पसरण्याचं प्रमाण ३.६ टक्के, आणि तेवढाच साइज, तेवढेच मायटोसिस पण जेजुनम-इलियममध्ये असेल तर २४ टक्के. एवढा फरक नुसत्या जागेने पडतो. पण तो अंदाज किट-पीडीजीएफआरए वाल्यांचा. एसडीएच डेफिशियंट ट्यूमर मायटोसिस एक-दोन असतानाही लिव्हरला जातो, आणि उलट बाजूने बघितलं तर लिव्हरमध्ये गेल्यावरही पेशंट वर्षानुवर्षं चांगले राहतात कारण तो सावकाश वाढतो. तेव्हा रिपोर्टमध्ये लो रिस्क असं अजिबात लिहू नकोस, या प्रकाराला प्रचलित रिस्क टेबल लागू होत नाही असं स्पष्ट वाक्य टाक आणि दीर्घ फॉलोअप हवा असं लिही.

आणखी एक, पॅरागँग्लिओमाची (ऑटोनॉमिक नर्व्हशी जोडलेला ट्यूमर) फॅमिली हिस्टरी घ्यायला सांग. कार्नी ट्रायड १९७७ मध्ये लिहिली गेली, जठरातला ट्यूमर, फुफ्फुसातला कॉन्ड्रोमा (कूर्चेची गाठ) आणि पॅरागँग्लिओमा, ती साधारणपणे घराण्यात चालत नाही. कार्नी-स्ट्राटाकिस सिंड्रोम (जिस्ट आणि पॅरागँग्लिओमा) मात्र चालतो, तिथे एसडीएचचं म्युटेशन जन्मापासून असतं. म्हणजे या मुलीच्या भावंडांचाही प्रश्न आहे. आपण एक स्टेन न लावता जिस्ट लिहून मोकळे झालो तर हे कधीच कुणाला कळणार नाही, म्हणून एवढ्या कळकळीने सांगतोय.

मायक्रोटोम_सांगली

मॅडम, मी लॅबमधला माणूस आहे, टिश्यू प्रोसेसिंग आणि कटिंग बघतो. डायग्नोसिस तुमचं काम, पण दोन गोष्टी सांगतो.

तो जो स्वच्छ पांढरा सायटोप्लाझम दिसतोय ना, त्यातला बराचसा फॉर्मलिनमुळे येतो. हेच सेल फ्रोझनवर (गोठवून घेतलेल्या कापावर) बघितले तर भरीव गुलाबी दिसतात. त्यामुळे क्लिअर सेल दिसले म्हणून दुसऱ्याच ट्यूमरच्या मागे लागू नका.

दुसरं म्हणजे मायटोसिस. गाठ ७ सेंमीची, ओटीमधून अख्खी तशीच छोट्या डबीत कोंबून आली असेल तर मधल्या भागापर्यंत फॉर्मलिन पोचतच नाही, तिथे सेल सडायला लागतात आणि मायटोसिस ओळखता येत नाहीत, काळे ठिपके नुसते. आमच्याकडे नियम असा की स्पेसिमेन आल्याआल्या समांतर काप द्यायचे, मधे गॉज घालायचा, आणि फॉर्मलिन टिश्यूच्या दहापट तरी पाहिजे, १० टक्के न्यूट्रल बफर्ड. शिळ्या फॉर्मलिनमध्ये पडलेलं स्पेसिमेन आणि मग स्टेन आला नाही म्हणून आमच्यावर ओरडा, हे सगळीकडेच होतं. एसडीएचबीचं तर फार जाणवतं, ज्या ब्लॉकमध्ये फिक्सेशन वाईट तिथे आतला कंट्रोलसुद्धा येत नाही. त्यामुळे ट्यूमरच्या कडेचा, नॉर्मल भिंत बरोबर असलेला ब्लॉक निवडा, स्टेन चांगला येईल.

स्लाइड_आणि_चहा

हिस्टो_नागपूर सर, खूप खूप धन्यवाद, आणि मायक्रोटोम दादा तुमचेही. कडेचा ब्लॉक काढून ठेवलाय, सकाळी लावायला देते. सर म्हणाले तसं परत बघितलं तर सबम्यूकोसात दोन ठिकाणी वाहिनीच्या आत ट्यूमरचे पुंजके आहेत!

मायटोसिस मोजताना किती फील्ड घ्यायचे यात पण एकवाक्यता नाही हो. कोणी ५० म्हणतं, कोणी २०. आणि एसएमए, काहालचे सेल, हा डिफरन्सिएशनचा भाग अजून राहिलाच.

जीआय_पॅथ_लीड्स

मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडमध्ये जीआय पॅथॉलॉजी करते. फील्डचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. जुनं ५० हाय पॉवर फील्ड हे जुन्या मायक्रोस्कोपच्या छोट्या फील्डसाठी होतं, त्याचं क्षेत्रफळ ५ चौ. मिमी च्या आसपास भरायचं. आता आयपीसचं फील्ड मोठं असतं. आयपीसवर फील्ड नंबर कोरलेला असतो तो बघ, २२ असेल तर ४० च्या ऑब्जेक्टिव्हला व्यास ०.५५ मिमी, एका फील्डचं क्षेत्रफळ साधारण ०.२४ चौ. मिमी, म्हणजे २१ फील्डमध्ये ५ चौ. मिमी झाले. नंबर २० असेल तर २५-२६ फील्ड लागतील. आणि जिथे सेल सगळ्यात दाट आणि मायटोसिस दिसतायत तिथून मोजायला सुरुवात करायची, कुठूनही नाही. नव्या मायक्रोस्कोपवर ५० फील्ड मोजणारा माणूस दुप्पटीहून जास्त जागा मोजतो आणि रिस्क उगाच वाढवून सांगतो.

आता डिफरन्सिएशन, माझा जिव्हाळ्याचा विषय. या ट्यूमरला साठच्या दशकात स्मूथ मसलचाच ट्यूमर समजत होते, तुझ्यासारख्या गोल सेलवाल्याला तर लिओमायोब्लास्टोमा असं नाव होतं. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला, लोकांनी मसलचे फिलामेंट शोधले तर बऱ्याच केसमध्ये मिळेनात, म्हणून १९८३ मध्ये मेझर आणि क्लार्क यांनी स्ट्रोमल ट्यूमर असा सावध शब्द वापरला. पुढच्याच वर्षी काही ट्यूमरमध्ये नर्व्हसारखे फाटे आणि न्यूरोसिक्रेटरी दाणे सापडले, त्यांना ऑटोनॉमिक नर्व्ह ट्यूमर म्हणू लागले, आज तेही जिस्टच आहेत. खरा उलगडा १९९८ मध्ये झाला, हिरोटा आणि सहकाऱ्यांनी किटची म्युटेशन दाखवली आणि त्याच वर्षी किंडब्लोम यांच्या गटाने ट्यूमरचे सेल काहालच्या सेलसारखे आहेत हे मांडलं.

काहालचे सेल आतड्याच्या हालचालीची लय ठरवतात, मसलच्या दोन थरांमध्ये, नर्व्हच्या जाळ्याभोवती बसलेले असतात आणि किटशिवाय ते जगत नाहीत, वाढत नाहीत. ज्या उंदरांमध्ये किट अधू असतं त्यांच्या आतड्यात यातले बरेच सेल नसतातच. उलट ज्या घराण्यांमध्ये किट जन्मतः अतिकार्यरत असतं त्यांच्यात हे सेल भिंतीत सगळीकडे वाढलेले दिसतात आणि त्यातून अनेक जिस्ट होतात. डॉग१ हे त्याच सेलमधलं क्लोराइड चॅनल, मार्कर म्हणून ते २००४ मध्ये आलं.

नर्व्हच्या इतके जवळ असले तरी हे सेल न्यूरल क्रेस्टमधून येत नाहीत, मेसोडर्ममधून येतात, आणि स्मूथ मसल व हे सेल एकाच पूर्वज सेलमधून निघतात. म्हणून एसएमए साधारण ३० ते ४० टक्के जिस्टमध्ये थोडंफार येतंच, काल्डेस्मॉन तर त्याहून जास्त वेळा येतं. त्याला स्मूथ मसल डिफरन्सिएशन म्हणून रिपोर्टमध्ये जागा देऊ नकोस. डेस्मिन मात्र कडक आणि सगळीकडे आलं तर थांबायचं आणि एच अँड ई (नेहमीचा मूळ स्टेन) परत बघायचं. लिओमायोमाचे सेल गडद गुलाबी, न्यूक्लियसची टोकं बोथट, आणि सेलची संख्या विरळ. आणि लक्षात ठेव, लिओमायोमामध्ये नॉर्मल काहालचे सेल आणि मास्ट सेल विखुरलेले असतात, ते सीडी११७ ला चमकतात, ते बघून जिस्ट लिहिलेले रिपोर्ट माझ्याकडे रिव्ह्यूला येतात. मेलानोमासुद्धा सीडी११७ पॉझिटिव्ह असतो, जठरात मेटास्टॅसिस होऊन गोल सेलचा ट्यूमर बनवतो. श्वानोमा असेल तर कडेने लिम्फोसाइटची झालर दिसते, एस१०० (नर्व्हच्या आवरणाच्या सेलचा मार्कर) कडक.

मग गोल सेल का? माझं मत असं की गोल की लांबुळका यावरून सेलचं कूळ ठरत नाही, कूळ तेच, काहालचंच. आकार बऱ्याच अंशी कुठला जीन बिघडला आणि गाठ कुठे आहे याच्याशी जुळतो. किटच्या एक्झॉन ११ (जीनचा एक तुकडा) मध्ये बिघाड असलेले बहुतेक ट्यूमर स्पिंडल, जठरात असतील तर न्यूक्लियसच्या टोकाला छोटी पोकळी आणि न्यूक्लियसच्या ओळी दिसतात. पीडीजीएफआरए वाले बहुतेक जठरातले, एपिथेलिओइड किंवा मिश्र, सेल थोडे सैल, स्ट्रोमा मिक्सॉइड (जेलीसारखा), मधे मास्ट सेल आणि कधीकधी अनेक न्यूक्लियसवाले मोठे सेल, आणि सीडी११७ फिकं किंवा शून्य, तिथे डॉग१ वाचवतं. आणि एसडीएच वाले तुझ्यासारखे. म्हणजे मार्कर लावायच्या आधी नुसत्या एच अँड ई वर तुला जीनचा अंदाज बांधता येतो, फार सुंदर गोष्ट आहे ही. मार्कर आले, लिहून मोकळे व्हा म्हणणारे नेमकी हीच माहिती फेकून देतात.

ऑन्को_पुणे

मेडिकल ऑन्कोलॉजीकडून. वरचं सगळं वाचून आनंद झाला कारण आमच्याकडे येणाऱ्या रिपोर्टमध्ये पुष्कळदा एवढंच असतं की जिस्ट, सीडी११७ पॉझिटिव्ह. त्यावर आम्ही औषध कसं ठरवणार?

इमॅटिनिब (किट रोखणारी गोळी) सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. एक्झॉन ११ ला सगळ्यात चांगलं, रोज ४०० मिलिग्रॅम. एक्झॉन ९, जो जास्त करून लहान आतड्यात असतो, त्याला पसरलेल्या आजारात ८०० चा विचार करतात. पीडीजीएफआरएचं डी८४२व्ही म्युटेशन असेल तर इमॅटिनिब काम करत नाही, त्याला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अवाप्रिटिनिब आहे. आणि एसडीएच डेफिशियंटला इमॅटिनिबचा फारसा उपयोग नाही, या मुलीला ते नेहमीचं म्हणून तीन वर्षं सुरू केलं तर नुसते साइड इफेक्ट. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आपल्याकडे जेनेरिक इमॅटिनिबचा रस्ता मोकळा राहिला आणि ते सामान्य घरात परवडतं, म्हणून ते चटकन लिहून दिलं जातं, पण परवडतं म्हणून द्यायचं नसतं ना.

पॅथॉलॉजीवाल्यांना एक विनंती. इमॅटिनिब चालू असताना काढलेली गाठ तुमच्याकडे आली तर आधी औषध दिलंय का ते फॉर्मवर शोधा, नसेल तर फोन करा. सेल विरळ झालेले असतात, मधे गुलाबी हायलिन किंवा मिक्सॉइड पदार्थ, त्यावर मायटोसिस मोजून रिस्क लिहू नका, त्याला अर्थ नसतो. आणि त्या विरळ भागातच एखादी दाट गाठ दिसली तर तिचा वेगळा ब्लॉक घ्या, रेझिस्टन्सचं दुसरं म्युटेशन तिथेच असतं. क्वचित ट्यूमर डीडिफरन्सिएट होतो, सेल भयंकर ओबडधोबड, सीडी११७ आणि डॉग१ दोन्ही गायब, कधी रॅब्डोमायोसारकोमासारखं मसल डिफरन्सिएशनही दिसतं. शेजारी जुना जिस्टचा तुकडा सापडला तरच ओळखता येतो, म्हणून सॅम्पलिंग भरपूर करा.

आईची_लेक_ठाणे

नमस्कार, मी डॉक्टर नाही, पण हे सगळं वाचतेय कारण माझ्या आईचं ऑपरेशन झालंय. लहान आतड्यातला जिस्ट, ६ सेंमी, स्पिंडल सेल, मायटोसिस ५ चौ. मिमी मध्ये तीन. रिपोर्टमध्ये स्कीनॉइड फायबर्स असं लिहिलंय, नेटवर शोधलं तर काहीच समजत नाही, नुसती भीती वाटते. हे वाईट असतं का? आणि एसडीएचची टेस्ट आईचीही करायला हवी का?

जीआय_पॅथ_लीड्स

ताई, घाबरू नका, स्कीनॉइड फायबर्स वाईट नसतात. सेलच्या मधे कोलॅजनचे छोटे गुलाबी गोळे जमतात, मोठं करून बघितलं की शेवयांच्या गुंत्यासारखे दिसतात. लहान आतड्याच्या जिस्टमध्ये ते बरेचदा असतात आणि असलेच तर ते कमी आक्रमक ट्यूमरच्या बाजूने बोलतात. रिपोर्ट करणाऱ्याने स्लाइड नीट बघितलीय एवढं त्यावरून कळतं.

एसडीएच डेफिशियंट प्रकार जठरातच होतो, आईची गाठ लहान आतड्यातली आहे तेव्हा ती टेस्ट नको. पण वर सरांनी लिहिलंय तसं लहान आतड्यातल्या ६ सेंमीच्या गाठीकडे जठरातल्यापेक्षा जास्त गंभीरपणे बघतात, म्हणून पॅराफिन ब्लॉकवर किट आणि पीडीजीएफआरएचं म्युटेशन टेस्टिंग करायचं का हे तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना जरूर विचारा. एक्झॉन ९ आलं की ११ आलं यावर पुढचं बरंच ठरतं. ब्लॉक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतात, अर्ज करून मिळतात, ते घरी उन्हात किंवा गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. आणि आईच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे चपटे डाग किंवा त्वचेखाली मऊ गाठी असतील, किंवा ऑपरेशनच्या वेळी आतड्यात एकापेक्षा जास्त गाठी मिळाल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये लहान आतड्यात असे जिस्ट होतात आणि त्यात किट नॉर्मल असतं.